फुप्फुसाचा कर्करोग: प्रतिकारशक्ती कमी पडते, की तिला ब्रेक लागलेला असतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. त्यांचं काम ज्या पेशींवर आहे, त्या पेशी रोगाशी लढत नाहीत, लढणाऱ्या पेशींना आवरतात. बातमी वाचून अनेकांनी विचारलं की प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, मग तिला आवरणाऱ्यांचं एवढं कौतुक कशाला?

फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालेल्या घरात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही. टेबलावर 'पीडी-एल१ : ६०%' असं लिहिलेला रिपोर्ट असतो, डॉक्टर इम्युनोथेरपीबद्दल बोलत असतात आणि त्याच वेळी भेटायला येणारा प्रत्येक जण 'इम्युनिटी वाढवा' म्हणून काहीतरी आणून देत असतो. दोन्हीकडे शब्द एकच असल्यामुळे गोष्टही एकच असेल असं वाटतं. तसं नाही, आणि हा फरक कळला नाही तर उपचारात प्रत्यक्ष नुकसान होऊ शकतं. म्हणून अगदी मुळापासून पाहू.

फुप्फुसाला चटकन चिडून चालत नाही

माणूस दिवसाला दहा हजार लिटरहून जास्त हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ, परागकण, धूर, बुरशीचे कण आणि जंतू येतात. फुप्फुसातले वायुकोश, म्हणजे हवेच्या त्या बारीक पिशव्या, उलगडून पसरल्या तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा तिथे केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. प्रत्येक धूलिकणामागे तिथे सूज आली असती, तर श्वास घेणंच अशक्य झालं असतं.

म्हणून फुप्फुसाची पहारा देण्याची पद्धत शांतपणाची आहे. वायुकोशांत भक्षक पेशी फिरत असतात. आलेला कण त्या गिळतात, पचेल तो पचवतात आणि बहुतेक वेळा कुणाला न उठवता काम संपवतात. सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसातल्या या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी कणांनी भरलेल्या दिसतात. सहन करण्याची ही सवय आपल्याला जगवते. कर्करोग मात्र याच सवयीचा फायदा घेतो.

घरातलाच माणूस चोर निघाला तर?

सोसायटीच्या वॉचमनला बाहेरचा चोर ओळखणं सोपं जातं. कर्करोगाची पेशी मात्र त्याच सोसायटीत जन्मलेली, तिथेच वाढलेली रहिवासी असते. तिला पकडायचं तर चेहरा पाहून भागत नाही, घरात काय चाललंय ते पाहावं लागतं.

शरीरात याची सोय आहे. जवळपास प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे छोटे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. हे तुकडे ज्या चौकटीत बसवलेले असतात तिला एचएलए म्हणतात. ती पेशीची खिडकी आहे असं समजा. टी-पेशी, म्हणजे नेमका शत्रू हेरून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, खिडकी-खिडकीत डोकावत फिरतात. आतलं सामान ओळखीचं दिसलं तर पुढे जातात. अनोळखी तुकडा दिसला की ती पेशी संपवतात.

कर्करोगात पेशीच्या जनुकांत बिघाड झालेले असतात. बिघडलेल्या जनुकातून बिघडलेलं प्रथिन तयार होतं, त्याचा तुकडा खिडकीत येतो आणि तिथे टी-पेशीला संधी मिळते. तंबाखूच्या धुरामुळे फुप्फुसाच्या पेशींत असे बिघाड मोठ्या संख्येने साठतात. म्हणूनच या कर्करोगात प्रतिकारशक्तीवर आधारलेल्या औषधांना निदान काही रुग्णांत इतका चांगला गुण येतो. शत्रूने स्वतःच्या खुणा भरपूर सोडलेल्या असतात.

तरीही गाठ वाढते कशी?

सुरुवातीला बिघडलेल्या बऱ्याच पेशी मारल्या जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. काही वाचतात. मग कित्येक वर्षं रस्सीखेच चालते, पेशी वाढतात, मरतात, गाठ फार मोठी होत नाही. या काळात एक घातक निवड होत असते. जी पेशी पटकन ओळखू येते ती मरते, जिला लपता येतं ती उरते आणि तिचीच पिल्लावळ वाढते. सीटी स्कॅनवर तीन-चार सेंटिमीटरची गाठ दिसते, तेव्हा आपण पाहत असतो ते या चाळणीतून निसटलेल्या, लपण्यात तरबेज झालेल्या पेशींचे वंशज.

लपण्याच्या पद्धती अनेक आहेत. पहिली म्हणजे खिडकीच बंद करणं. लंडनच्या 'ट्रेसरएक्स' या संशोधन प्रकल्पात सुरुवातीच्या टप्प्यातल्या फुप्फुस-कर्करोगाच्या सुमारे ४० टक्के रुग्णांत गाठीतल्या पेशींनी एचएलए जनुकांची एक प्रत हरवलेली आढळली. खिडकी नाही, म्हणून पुरावाही नाही.

दुसरी पद्धत म्हणजे आवरणाऱ्या पेशींना गाठीभोवती गोळा करणं. नोबेल मिळालं ते याच पेशींच्या शोधाला. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. त्या नसतील तर प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यांवर, स्वादुपिंडावर, त्वचेवर तुटून पडते, म्हणून त्या हव्यातच. पण कर्करोगाच्या गाठीत त्या जास्त जमल्या की चोराच्या घराभोवतीच शांतता-समिती बसल्यासारखं होतं.

तिसरी पद्धत सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्यावर औषध सापडलं. टी-पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाचा एक स्विच असतो. काम झालं की थांबावं, म्हणून निसर्गाने दिलेला हा ब्रेक. जपानमधल्या क्योतो विद्यापीठात तासुकू होन्जो यांच्या गटाला तो १९९२ मध्ये सापडला. हा ब्रेक दाबणाऱ्या प्रथिनाचं नाव पीडी-एल१. निरोगी ऊतीही ते वापरतात, पण कर्करोगाची पेशी ते अंगभर पांघरते. टी-पेशी दारात येते, चोर ओळखते, हात उगारते आणि नेमक्या त्या क्षणी ब्रेक लागतो.

हे नीट लक्षात घ्या. अशा रुग्णाच्या शरीरात ओळखणारी टी-पेशी असते, पुष्कळदा ती गाठीपर्यंत पोचलेलीही असते. तिची ताकद वाढवून उपयोग नाही. ब्रेकवरचा पाय काढायला हवा.

औषध नेमकं काय करतं

पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं टी-पेशीवरच्या पीडी-१ ला झाकतात. अटेझोलिझुमॅब आणि दुर्व्हालुमॅब गाठीवरच्या पीडी-एल१ ला झाकतात. परिणाम एकच, ब्रेक लागत नाही. ही औषधं स्वतः एकही कर्करोगी पेशी मारत नाहीत, मारायचं काम रुग्णाच्याच टी-पेशी करतात. ब्रेक काढून कर्करोगावर उपचार करता येतो हे दाखवल्याबद्दल होन्जो आणि अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. अ‍ॅलिसन यांचं काम सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर होतं.

पेम्ब्रोलिझुमॅबचा नेहमीचा डोस २०० मिलिग्रॅम, सलाईनमधून अर्ध्या तासात, दर तीन आठवड्यांनी. पसरलेल्या आजारात तो जास्तीत जास्त ३५ वेळा, म्हणजे सुमारे दोन वर्षं देतात. केमोसारखे केस जात नाहीत, उलट्यांचा त्रास सहसा होत नाही. मात्र बऱ्याच रुग्णांना सुरुवातीला केमोबरोबरच हे औषध दिलं जातं, आणि मग केमोचे त्रास होतातच.

रिपोर्टवरची टक्केवारी येते कुठून

'पीडी-एल१ ६०%' याचा अर्थ आजार ६० टक्के पसरलाय, बरं होण्याची शक्यता ६० टक्के आहे किंवा प्रतिकारशक्ती ६० टक्के उरलीय, असे तिन्ही अर्थ लोक लावतात. तिन्ही चुकीचे आहेत.

बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे कागदापेक्षाही पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यावर पीडी-एल१ ला चिकटणारं रसायन टाकतात. ज्या पेशीवर पीडी-एल१ आहे तिच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. पॅथॉलॉजिस्ट कर्करोगाच्या जिवंत पेशी पाहतो आणि त्यातल्या किती टक्के पेशींना ही रेघ आहे ते ठरवतो. शंभरातल्या साठ पेशींना असेल तर ६०%. एक टक्क्याहून कमी, १ ते ४९ आणि ५० किंवा जास्त, असे तीन गट करून उपचार ठरवतात.

गडबड होते ती इथे. मोजण्यासाठी कर्करोगाच्या निदान शंभर पेशी दिसाव्या लागतात. बारीक सुईने घेतलेल्या नमुन्यात तेवढ्या मिळतीलच असं नाही. त्यातच आधी कर्करोगाचा प्रकार ठरवायला बरेच काप खर्च होतात, मग जनुक-तपासणीला लागतात, आणि शेवटी 'नमुना अपुरा' असा शेरा येतो. पुन्हा बायोप्सी म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा खर्च, दोन-तीन आठवडे वाया. म्हणून बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना विचारा: पीडी-एल१ आणि जनुक-तपासणी दोन्हींना पुरेल इतका तुकडा घेणार ना? आणि ब्लॉक सांभाळून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायला जाताना फाइलपेक्षाही तो जास्त कामाचा असतो.

ही टक्केवारी म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत ती वेगळी येऊ शकते. शून्य टक्के असलेल्या काहींना गुण येतो, नव्वद टक्के असलेल्या काहींना येत नाही. आकडा शक्यता सांगतो, इतकंच.

फरक किती पडतो?

पीडी-एल१ ५० टक्के किंवा जास्त असलेल्या, पसरलेल्या आजाराच्या ३०५ रुग्णांवर 'कीनोट-०२४' ही चाचणी झाली. अर्ध्यांना पेम्ब्रोलिझुमॅबने सुरुवात, अर्ध्यांना केमोने. पाच वर्षांनी पहिल्या गटातले ३१.९ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले १६.३ टक्के. केमो-गटातल्या पुष्कळांना नंतर इम्युनोथेरपी मिळाली होती, तरी एवढा फरक राहिला. चौथ्या टप्प्याच्या फुप्फुस-कर्करोगात पूर्वी पाच वर्षं जगणारा रुग्ण अपवादाने दिसायचा. आज निवडक गटात तीनातला एक दिसतो. ही फार मोठी गोष्ट आहे. तितकंच खरं हेही आहे की उरलेले दोघं पाच वर्षांच्या आत जातात. दोन्ही गोष्टी घरच्यांना कळायला हव्यात.

या चाचणीतल्या ज्या ३९ जणांनी ३५ डोस पूर्ण केले, त्यांच्यातले ८२ टक्के पाच वर्षांच्या सुमारास जिवंत होते. अर्थात दोन वर्षं उपचार टिकला तोच मुळी त्यांना गुण येत होता म्हणून. तरीही औषध थांबल्यावर परिणाम राहतो, ही इथली खास गोष्ट. टी-पेशींना स्मरण असतं.

आजार लवकर सापडला तर चित्र आणखी बदलतं. शस्त्रक्रियेआधी केमोबरोबर निव्होलुमॅबचे तीन डोस दिल्यावर २४ टक्के रुग्णांत काढलेल्या भागात जिवंत कर्करोगी पेशी उरलीच नव्हती. नुसत्या केमोने हे प्रमाण २.२ टक्के होतं. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ६५.४ विरुद्ध ५५ टक्के. शस्त्रक्रियेआधीच औषध का? कारण गाठ जागेवर असताना टी-पेशींना शिकायला पुरावा भरपूर असतो, गाठ काढल्यावर तो उरत नाही. शस्त्रक्रिया होऊ न शकणाऱ्या तिसऱ्या टप्प्यात केमो-रेडिएशननंतर वर्षभर दुर्व्हालुमॅब देतात. तिथे पाच वर्षांचा आकडा ३३.४ वरून ४२.९ टक्क्यांवर गेला.

स्मॉल सेल या झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारात, आजार पसरलेला असेल तर फायदा तोकडा आहे. केमोबरोबर अटेझोलिझुमॅब दिल्यावर सरासरी आयुष्य १०.३ महिन्यांवरून १२.३ महिन्यांवर गेलं. दोन महिने.

मग सगळ्यांनाच का देत नाहीत?

कारण सगळ्यांच्या गाठीत ब्रेक हीच अडचण नसते. काहींच्या गाठीत टी-पेशी शिरलेल्याच नसतात, तिथे ब्रेक काढून कोण धावणार? एसटीके११ किंवा केईएपी१ या जनुकांत बिघाड असलेल्या गाठी बऱ्याचदा अशा 'थंड' असतात.

आपल्याकडे जास्त महत्त्वाचा मुद्दा ईजीएफआर जनुकाचा आहे. भारतात अ‍ॅडेनोकार्सिनोमा या प्रकाराच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या आसपास रुग्णांत ईजीएफआरमध्ये बिघाड सापडतो. त्यांच्यात कधीच धूम्रपान न केलेल्या स्त्रिया बऱ्याच असतात. या गाठीत बिघाडांची एकूण संख्या कमी असते, खिडकीत दाखवायला पुरावा कमी, त्यामुळे इम्युनोथेरपीचा उपयोगही कमी. एएलके या जनुकातल्या बिघाडाचंही तसंच. या दोन्हींसाठी रोज घ्यायच्या गोळ्या आहेत आणि त्यांचा गुण कितीतरी चांगला येतो.

इथे एक चूक होते आणि ती महागात पडते. पीडी-एल१ चा रिपोर्ट लवकर येतो, जनुकांचा यायला दोन-तीन आठवडे लागतात. पीडी-एल१ ८० टक्के पाहून घाईने इम्युनोथेरपी सुरू होते, मग कळतं की ईजीएफआरमध्ये बिघाड आहे. आता गोळी सुरू केली तर शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळणारं आधीचं औषध आणि नवी गोळी मिळून फुप्फुसाला तीव्र सूज येण्याचा धोका वाढतो. ऑसिमर्टिनिब या ईजीएफआरवरच्या गोळीच्या बाबतीत हे विशेष दिसलं आहे. रुग्णाची तब्येत थांबण्याजोगी नसेल तर आधी नुसती केमो सुरू करून जनुकांच्या रिपोर्टनंतर पुढचं ठरवता येतं. 'जनुकांचा रिपोर्ट आला का?' हा प्रश्न पहिल्या डोसच्या आधी विचारायचाच.

धुरामुळे बिघाड जास्त आणि म्हणून औषधाला गुण जास्त, मग सिगारेट ओढणाऱ्याचं बरं आहे, असा अर्थ कुणी काढू नये. मुळात कर्करोग होण्याची शक्यता धूम्रपानाने कितीतरी पटींनी वाढते, हृदय आणि श्वासनलिका आधीच खराब झालेल्या असतात, आणि निदानानंतरही ओढत राहिलं तर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्हींचे त्रास वाढतात.

प्रतिकारयंत्रणा कर्करोगाला हातभारही लावते

हा भाग ऐकून अनेक जण थबकतात. २०२३ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वांटन यांच्या गटाने हवेतल्या पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांवर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी कर्करोग नसलेल्या फुप्फुसाचे नमुने तपासले, तर १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचे बिघाड आधीच होते. म्हणजे बिघडलेल्या पेशी अनेकांच्या फुप्फुसात झोपलेल्या असतात. प्रदूषणाचे कण आत गेले की भक्षक पेशी चिडतात आणि इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचा दाहाचा संदेश सोडतात. जखम भरून काढण्यासाठीचा हा संदेश झोपलेल्या पेशीला जागं करतो. ठिणगी वयाबरोबर आपसूक पडलेली असते, फुंकर आपलीच प्रतिकारयंत्रणा घालते.

याला आधीचा एक धागा होता. २०१७ मध्ये हृदयविकाराच्या सुमारे दहा हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत हाच संदेश अडवणारं कॅनाकिनुमॅब हे औषध घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी दिसले. मोठी आशा निर्माण झाली. पण कर्करोग झालेल्या रुग्णांवर तेच औषध वापरून पाहिलं तेव्हा आयुष्य वाढलं नाही. आग लागल्यावर फुंकर थांबवून भागत नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

गाठीशेजारी टी-पेशी आणि बी-पेशींनी मिळून लसिकाग्रंथीसारखी छावणी उभारलेली असेल, तर त्या रुग्णांचं भवितव्य जास्त चांगलं असतं, हे २००८ पासून दिसत आलंय. म्हणजे गाठीजवळ पांढऱ्या पेशी किती आहेत एवढ्यावर काही ठरत नाही. त्या कोणत्या आहेत आणि काय करताहेत, त्यावर ठरतं.

ब्रेक काढल्यावर काय बिघडतं

ब्रेक एकट्या गाठीपाशी निघत नाही, सगळ्या शरीरात निघतो. त्यामुळे टी-पेशी निरोगी अवयवावरही धावू शकतात. हे पहिल्या डोसनंतर काही आठवड्यांत होऊ शकतं, सहाव्या महिन्यात होऊ शकतं आणि शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही.

फुप्फुसाची सूज शंभरातल्या साधारण तीन ते पाच जणांना येते, आधी रेडिएशन झालेल्यांत जास्त. नवा कोरडा खोकला, जिना चढताना नव्याने लागणारी धाप, ऑक्सिमीटरवर नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन-चार अंकांची घट ही तिची लक्षणं. घरच्यांना वाटतं की आजारच वाढला, किंवा सर्दी झाली. जवळचे डॉक्टर छातीत इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक देतात आणि आठवडा जातो. त्या आठवड्यात सूज जिवावर बेतू शकते. त्यामुळे लगेच कर्करोगतज्ज्ञांना कळवून सीटी करायचा.

जुलाब नेहमीपेक्षा दिवसाला चार वेळा जास्त झाले तर ते बाहेरच्या खाण्याचे म्हणून सोडून देऊ नयेत. आतड्याला सूज असू शकते. थायरॉइड मंदावणं बरंच दिसतं. थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं ही लक्षणं केमोच्या अशक्तपणात हरवून जातात, म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, ठरावीक काळाने करत राहायची. क्वचित साखर एकदम ४००-५०० वर जाते आणि कायमचं इन्सुलिन लागतं. हृदयाच्या स्नायूची सूज फारच विरळ, पण ती झाली तर दगावण्याचं प्रमाण मोठं. पहिल्या काही आठवड्यांत छातीत दुखणं, धडधड किंवा पापण्या जड होऊन मिटणं असं काही वाटलं तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावं.

उपचार बहुतेकदा स्टिरॉइड. मध्यम ते तीव्र त्रासात प्रेडनिसोलोन वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ६० ते १२० मिलिग्रॅम. आकडा मोठा वाटतो आणि 'स्टिरॉइड वाईट' म्हणून चार दिवसांत बरं वाटताच गोळ्या बंद केल्या जातात. मग सूज उसळून परत येते. हा डोस डॉक्टरांच्या सांगण्याने चार ते सहा आठवड्यांत पायरी-पायरीने उतरवायचा असतो. रुग्णाच्या पाकिटात 'इम्युनोथेरपी सुरू आहे' अशी औषधाच्या नावासह चिठ्ठी ठेवा. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत नवख्या डॉक्टरला ती फार उपयोगी पडते.

आपल्याकडे टीबी आहे, त्याचं काय?

फुप्फुसातली गाठ आणि टीबीचा डाग एक्स-रेवर सारखे दिसू शकतात. खोकला, वजन घटणं, थुंकीत रक्त ही लक्षणंही तीच. थुंकीत जंतू सापडलेला नसताना एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होतात, दोन-तीन महिने जातात आणि तेवढ्यात दुसऱ्या टप्प्यातला कर्करोग चौथ्यात जातो. जंतू सापडलेला नसेल आणि सहा-आठ आठवड्यांत डाग कमी झाला नसेल, तर सीटी आणि बायोप्सी मागून घ्या.

इम्युनोथेरपीशी टीबीचा संबंध तर्काच्या उलट निघाला. ब्रेक काढला की टी-पेशी टीबीलाही जोरात मारतील असं वाटतं. पण पीडी-१ नसलेल्या उंदरांना टीबी झाला तेव्हा ते लवकर मेले. टीबीचे जंतू शरीर गाठींत कोंडून ठेवतं, आणि बेभान दाहात ही कोंडी फुटते. उपचारादरम्यान झोपलेला टीबी जागा झाल्याचे रुग्ण आढळले आहेत. म्हणून आधी टीबी झाला असेल, किंवा घरात कुणाला झाला असेल, तर पहिल्या डोसच्या आधी सांगा. वीस वर्षांपूर्वीचा असला तरी सांगा.

इम्युनिटी वाढवण्यासाठी घरी काय द्यावं?

वर पाहिलं तसं, इथे साठा कमी पडलेला नसतो, त्यामुळे साठा वाढवण्याची पुडी कामाची नसते. काही गोष्टी तर घात करू शकतात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ती सूज प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या यकृतावर उलटते तशा स्वरूपाची होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष नाकारला, वाद झाला. पण इम्युनोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत हा वाद मिटेपर्यंत धोका का पत्करायचा? यकृताच्या रक्ततपासणीत एसजीपीटी ३०० आला तर तो औषधाने की काढ्याने हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि थांबवावं लागेल ते लाखाचं औषध.

अँटिबायोटिकचाही प्रश्न आहे. उपचार सुरू होण्याच्या आगेमागे अँटिबायोटिक घेतलेल्यांत इम्युनोथेरपीचा गुण कमी दिसला आहे. आतड्यातल्या उपयोगी जंतूंचं टी-पेशींच्या शिक्षणात काम असतं, हे त्याचं संभाव्य कारण. हेही खरं की ज्यांना अँटिबायोटिक लागली ते मुळातच जास्त आजारी असू शकतात. त्यामुळे खरं इन्फेक्शन असेल तर घ्यावीच, पण सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नये. सांधेदुखी किंवा दम्यासाठी स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर तीही सांगा. प्रेडनिसोलोन रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेत उपचार सुरू करणाऱ्यांत परिणाम कमी दिसतो. मात्र ती गोळी स्वतःहून बंद करू नका.

फ्लूची निष्क्रिय लस चालते, घ्यावीही. प्रथिनं पुरेशी द्या: डाळ, अंडी, मासे, दूध, जे पचेल ते. रोज थोडं चालणं, झोप, तोंडाची स्वच्छता. याने टी-पेशींचा ब्रेक निघत नाही, पण डोस झेलायला अंगात बळ राहतं.

खर्च, आणि कमी डोसचा प्रश्न

ही औषधं इतकी महाग आहेत की आपल्याकडे बहुतेक रुग्णांना ती परवडत नाहीत. शेत विकून चार डोस घेतले आणि पाचव्याला पैसे संपले, असं होऊ नये म्हणून सुरुवातीलाच तीन गोष्टी विचाराव्यात: एकूण किती डोस, कंपनीची मदत-योजना आहे का, आणि कुठल्या स्कॅनला पाहून थांबायचं ठरवणार. पहिला स्कॅन साधारण दोन-तीन महिन्यांनी होतो. टी-पेशी आत शिरल्याने गाठ तात्पुरती मोठी दिसणं फुप्फुसाच्या कर्करोगात विरळ आहे, शंभरात पाचाहूनही कमी. त्यामुळे गाठ वाढलीय आणि रुग्णही खालावतोय, तर 'ही सूज आहे, अजून चार डोस घेऊ' हा सल्ला तपासून घ्यावा.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने तोंड-घशाच्या कर्करोगात एक महत्त्वाची चाचणी केली. कमी मात्रेच्या केमो-गोळ्यांबरोबर निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हे शक्य झालं कारण टी-पेशीवरचे पीडी-१ स्विच थोड्या औषधानेही जवळपास सगळे झाकले जातात, उरलेलं औषध रक्तात फिरत राहतं.

फुप्फुसाच्या कर्करोगात पूर्ण डोस हाच प्रमाण उपचार आहे आणि वर दिलेले फुप्फुसाच्या कर्करोगाचे सगळे आकडे त्याच डोसचे आहेत. पूर्ण डोस परवडत असेल तर तोच घ्यावा. परवडत नसेल तर 'मग काहीच नको' म्हणून घरी परतण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा की या रुग्णाला कमी डोस देता येईल का, आणि त्यावर चाललेली एखादी चाचणी जवळच्या रुग्णालयात आहे का.